आठ वाजून चौदा मिनिटांनी मी कुठे होते

नागपूर ते पुणे. हवाई अंतर ६०५ किलोमीटर, प्रवासाचा वेळ १ तास १५ मिनिटे.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली ती रात्री सव्वादोन वाजता, अंगणात उभी राहून. घरात मोबाइलला रेंज धरत नाही, म्हणून अंगणात. तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. सीतादही, म्हणजे कापूस वेचणी सुरू करतानाची पूजा, होऊन आठच दिवस झाले होते, पडवीत पहिल्या वेच्याच्या कापसाची गंजी लागली होती. पाच मिनिटांपूर्वी पुण्याहून जावयांचा फोन आला होता. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या, दिलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधी.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण सातव्या महिन्यानंतर डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, तेव्हा ठरलं की मीच जायचं. रेल्वेचं आरक्षण पंधरा दिवसांनंतरचं होतं. मेथीचे लाडू अजून वळायचे होते. जुन्या लुगड्याची दुपटी तेवढी शिवून तयार होती.

सासूबाई जाग्याच होत्या. खाटेवरूनच त्यांनी विचारलं, "किती दूर हाये वं पुणं?"

"सहाशे पाच किलोमीटर."

"म्या ते नाई पुसलं. तू कवा पोचशीन?"

"सकाळी पोचते."

"सकाळी म्हंजे कवा? न्याहारीच्या टाइमाले का जेवनाच्या?"

मला उत्तर देता आलं नाही. एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला. अंतर हा माझा विषय. वर्गात कोणी मूल "लय दूर हाये बाई" म्हणालं की मी थांबवायची. कुठून? कुठवर? दोन्ही टोकं सांगितल्याशिवाय अंतर होत नाही, हे मी पोरांच्या इतकं अंगवळणी पाडलं होतं की खोडकर पोरं शेजाऱ्याच्या पेन्सिलीकडे बोट दाखवून "कुठून? कुठवर?" करायची. त्या रात्री माझ्या हातातल्या मोबाइलवर दोन्ही टोकं होती, मधला आकडाही होता, आणि तरी ऐंशीच्या घरातल्या बाईला मी कधी पोचणार एवढं मला सांगता येईना.

त्या आकड्याचा मी नंतर पाठपुरावा केला. करायलाच हवा होता, कारण आकडा खोटा नव्हता.

प्रत्येक विमानतळाचा एक नेमका बिंदू ठरवून जाहीर केलेला असतो, बहुधा धावपट्टीच्या मध्याच्या आसपासचा. नागपूरचा, म्हणजे सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळाचा बिंदू २१.०९ अंश उत्तर आणि ७९.०५ अंश पूर्व असा आहे. पुण्याच्या लोहगावचा १८.५८ अंश उत्तर आणि ७३.९२ अंश पूर्व. विमानाचं अंतर म्हणून जे छापतात ते या दोन बिंदूंमधलं, पृथ्वीच्या गोल पाठीवरून मोजलेलं, सगळ्यांत कमी अंतर. त्यासाठी त्रिकोणमितीचं एक सूत्र आहे आणि संगणक ते क्षणात सोडवतो. पण नागपूर-पुण्यासारख्या जवळच्या अंतराला नववीचं पोरगंसुद्धा कागदावर पुरतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र उत्तरेकडे सरकावं तसा आखडत जातो. विषुववृत्तावर १११, आपल्या पट्ट्यात १०४ च्या आसपास, ध्रुवावर शून्य. दोन्ही विमानतळांत उत्तर-दक्षिण अडीच अंश, म्हणजे २७९ किलोमीटर. पूर्व-पश्चिम पाच अंशांहून थोडं जास्त, म्हणजे ५३६. काटकोन त्रिकोण काढा, कर्ण काढा. उत्तर ६०४ येतं. संगणकाचं ६०५.

लांबच्या अंतराला हा कर्ण चालत नाही. तिथे गोल काढावा लागतो. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मी दरवर्षी दोरा ताणून दाखवायची. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, मध्ये दोरा घट्ट. भिंतीवरच्या नकाशात पाहिलं तर वाटतं, सरळ पश्चिमेला निघावं, अरबस्तान आणि भूमध्य समुद्रावरून. ताणलेला दोरा मात्र आपणहून वर चढतो, रशियाकडून स्कँडिनेव्हियाच्या बाजूने जातो. पोरं दरवर्षी अवाक व्हायची. एका मुलीने एकदा विचारलं होतं, "बाई, मग नकाशा खोटा आहे का?" मी म्हटलं होतं, "नकाशा चपटा आहे, पृथ्वी गोल आहे, एवढंच." ती मुलगी आता तालुक्याला परिचारिका आहे आणि भेटली की मला दोऱ्याची आठवण काढते.

आणि हे सगळं मोजमाप आमच्यापासून लांबचं आहे असं कोणाला वाटत असेल, तर त्याने हिंगणघाटला यावं. आमच्या गावापासून हिंगणघाट १८ किलोमीटर. तिथे विल्यम लॅम्बटनची कबर आहे. हिंदुस्थानचं महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण ज्याने सुरू केलं तो हा माणूस. १८०२ साली मद्रासजवळ साखळीने जमिनीवर सुमारे १२ किलोमीटरची एक पायारेषा त्याने मोजली. तिच्या आधाराने त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. कोन मोजायचं त्याचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं. ते माणसांच्या खांद्यांवरून टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवायचे. ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपासची ती मोठी रेषा पुढे त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयापर्यंत नेली. लॅम्बटन मात्र हैदराबादकडून नागपूरला येताना वाटेतच गेला, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाटला. वय सत्तरीचं. नागपूर दोन-तीन मुक्कामांवर राहिलं होतं.

मी चार-पाच वेळा पोरांना तिथे घेऊन गेले आहे. पोरांना कबरीचं काही वाटायचं नाही, त्यांना यंत्राचं वजन ऐकून नवल वाटायचं. "अर्धा टन म्हंजे पाच क्विंटल! बाई, म्हंजे कापसाची बंडी!" मला मात्र तिथे गेलं की हात जोडावेसे वाटायचे. पृथ्वी गोल म्हणजे नेमकी किती गोल, तिच्यावरचा एक अंश नेमका किती लांब, हे ज्या माणसांनी पायी हिंडून, तापाने फणफणत ठरवलं, त्यांतला एक आमच्या कापसाच्या काळ्या मातीत झोपला आहे. आज विमानाचं अंतर कोणीही बोटाच्या टोकाने काढतो. त्या अंशांच्या खाली असली माणसं आहेत, हे पोरांना ठाऊक असावं असं मला फार वाटायचं, अजून वाटतं. नागपूरला झिरो माइलचा दगड पाहायला लोक जातात, फोटो काढतात. तिथला तो सर्वेक्षणाचा दगड १९०७ चा. हिंगणघाटला कोणी थांबत नाही.

तर अंतर ६०५. आता वेळ. १ तास १५ मिनिटे हा वेळ कसा येतो? असले आकडे देणारी गणितं साधी असतात. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास धरायचं, ६०५ ला भागायचं, पाऊण तास येतो. चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर घालायचा. झाला सव्वा तास. तिकिटावर वेळ आणखी जास्त लिहिलेला असतो, दीड तासाच्या आसपास, कारण तिकिटाचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, रांगेत थांबणं, समोरचा वारा, सगळं त्यात येतं. आमच्या अक्षांशांवर हिवाळ्यात वरच्या थरांतले वारे पश्चिमेकडून वाहतात. म्हणून नागपूरहून पुण्या-मुंबईला जाताना ते समोरून भेटतात, परतताना पाठीशी असतात. त्याच वाटेला जाताना काही मिनिटं जास्त लागतात, येताना वाचतात. मी परत आले तेव्हा हे घड्याळ लावून पाहिलं.

अंतर कमी म्हणजे वेळ कमी, हेही खरं नाही. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. आमच्या पश्चिमेकडच्या भावंडांना त्याचा किती आनंद झाला ते मी पाहिलं आहे; माझ्या चुलत नणंदेने त्या दिवशी पेढे वाटले. बेलोरा ते मुंबई सरळ रेषेत ५४० किलोमीटरच्या आसपास, नागपूर ते मुंबई ६८५. तरी बेलोऱ्याहून पावणेदोन तास लागतात आणि नागपूरहून दीड. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटरची, तिथे पंखे फिरवणारं एटीआर विमान येतं, आणि ते ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास चालतं. नागपूरची धावपट्टी ३२०० मीटरची, तिथे मोठी जेट उतरतात. पण बडनेऱ्याच्या माणसाला बेलोरा दारात आहे आणि नागपूर दीडशे किलोमीटरवर. त्याने पंधरा मिनिटांचा हिशेब का करावा?

आमचं गाव दोन्हीच्या हिशेबात धड बसत नाही. गाव ते पुणे सरळ रेषा काढली तर ५५५ किलोमीटर भरते, नागपूर-पुण्याहून कमी. पण त्या रेषेवरून जायला वाट नाही. पुणं नैर्ऋत्येला, आणि विमानासाठी निघायचं उत्तरेला. म्हणजे जायचंय तिकडे पाठ करून आधी ९० किलोमीटर उलट जायचं. रेल्वेने जावं तर ती नागपूरहून भुसावळ, मनमाड, दौंड असा मोठा वळसा घालते. ते अंतर ८९० किलोमीटरच्या घरात जातं आणि एक रात्र, अर्धा दिवस खातं.

यांनी शेजारच्या पुतण्याला उठवलं. त्याची पिकअप गाडी आहे, कापूस जिनिंगला नेतो ती. तिकीट त्यानेच मोबाइलवर काढलं, सकाळी ७ वाजून २५ मिनिटांचं. किती पैसे लागले ते मला तेव्हा सांगितलं नाही. हे म्हणाले, "मी इथं वेचणीचं पाह्यतो, तू निघ. बाया सकाळी सातला येतीन, वजन करून द्याले कोणीतरी पायजे." खरं होतं ते. वेचणारीला किलोवर मजुरी मिळते, तिचा काटा चुकून चालत नाही. पण निघताना त्यांनी गाडीचं दार धरून ठेवलं होतं, पुतण्याने गाडी सुरू केली तरी सोडलं नाही.

साडेतीनला निघालो. गाव ते हिंगणघाट १८ किलोमीटरला ५० मिनिटं लागली. पावसाळ्यात उखडलेला रस्ता अजून तसाच होता, खडी वर आलेली, आणि दोन नाल्यांवर पूल खचलेले. पूर्वी आमच्या गावात मुक्कामी गाडी यायची. संध्याकाळी यायची, रात्री देवळासमोर उभी राहायची, पहाटे पाचला निघायची. चालक-वाहकांना गावातूनच भाकरी जायची. माझी लेक बारावीपर्यंत त्याच गाडीने शिकायला गेली. टाळेबंदीच्या काळात ती बंद झाली ती परत आली नाही. आता सहानंतर गावातून निघायचं तर ज्याच्या दारात गाडी त्याच्या दारात जावं लागतं. त्या रात्री पुतण्या होता. ज्यांना पुतण्या नाही अशी घरं मी मोजू शकते, त्यांची नावं घेऊन.

हिंगणघाटला हमरस्ता लागला आणि गाडी एकदम शांत झाली. जाम चौरस्त्यावर चहाची एक टपरी उघडी होती, पण थांबलो नाही. बुटीबोरीचे दिवे दिसले. ७० किलोमीटर ७० मिनिटांत. हा सगळा वेळ माझ्या मांडीवर दुपट्यांची पिशवी होती आणि मी मनात गणित करत होते. १८ ला ५०, ७० ला ७०, ६०५ ला ७५. गणित केलं की माझं मन जागेवर राहतं. माझ्या आईचं जपमाळेवर राहायचं.

विमानतळावर बसल्यावर मला माझ्या बाबांची आठवण झाली. ते पोस्टमन होते. सोनेगावचं नाव मी लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकलं, विमानासाठी नव्हे, टपालासाठी. १९४९ साली रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांनी टपालाची विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी मद्रासला. बाबा ही गोष्ट सांगताना हाताने चार बाजू दाखवायचे आणि मध्ये मूठ ठेवायचे: "हे नागपूर." मग म्हणायचे, "मुंबईहून नागपूरले कागद एका राती येते, आन नागपूरहून आपल्या गावाले पाच दिवस. ते पाच दिवस म्या चालतो." सायकलवर सात गावं होती त्यांच्याकडे. पावसात थैलीवर घोंगडं, स्वतः भिजत. एखाद्या घरची तार असली तर ती पोचवून ते तिथेच बसायचे, वाचून दाखवायचे, रडणाऱ्याला पाणी द्यायचे. परतायला उशीर झाला की आई विचारायची, आणि ते नुसतं गावाचं नाव सांगायचे.

विमान ७ वाजून ३८ मिनिटांनी उडालं. ही वेळ मी तिकिटाच्या मागे लिहून ठेवली, सवयीने. नागपूरच्या धावपट्टीच्या टोकांना १४ आणि ३२ असे आकडे रंगवलेले आहेत. ते होकायंत्राचे अंश, शेवटचं शून्य गाळून. १४ म्हणजे १४० अंश, आग्नेय. आम्ही त्या बाजूने उडालो. म्हणजे विमानानेही आधी पुण्याकडे पाठच केली, मग उजवीकडे मोठं वळण घेतलं. वळताना खिडकीतून जमीन तिरपी झाली आणि खाली चौकोन दिसू लागले, हिरवे, पिवळे, काळे. तुरीचे, कापसाचे, नांगरून टाकलेले. मी आयुष्यभर वावराच्या धुऱ्यावरून पाहिलेली जमीन पहिल्यांदा वरून पाहत होते. त्यातलं आमचं वावर कोणतं, हे शोधायचा मी प्रयत्न केला. नाही सापडलं.

जागा उजवीकडची होती, म्हणजे उत्तरेची. सूर्य मागे राहिला होता, त्यामुळे डोळ्यांवर येत नव्हता. अर्ध्या तासाच्या आधीच कधीतरी खाली एक गोल दिसला. इतका गोल की बाकीच्या वेड्यावाकड्या जमिनीत तो कोणी मुद्दाम काढून ठेवल्यासारखा वाटावा. आत हिरवट पाणी, भोवती झाडीची किनार. माझ्या तोंडून "लोणार" असा शब्द निघाला आणि शेजारच्या तरुणाने मान वळवून पाहिलं. मी दोन वेळा सहल घेऊन तिथे गेले आहे. काठावर उभं राहून १८०० मीटरचा तो खड्डा दाखवला आहे, उल्का बेसॉल्टच्या खडकात कशी आदळली ते सांगितलं आहे, पाणी खारट का ते सांगितलं आहे. पण काठावरून तो डोळ्यांत मावत नाही. वरून तो वाटीएवढा होता.

नंतर घरी येऊन पाहिलं. नागपूर ते पुणे या सरळ रेषेचा बरोबर मध्य लोणारपासून दहा-पंधरा किलोमीटरवर पडतो. ३०२ इकडे, ३०२ तिकडे. एकतीस वर्षं शिकवून हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मग आणखी काही मिनिटांनी उजव्या हाताला, दूरवर, पाण्याचा एक मोठा पत्रा चमकला. आकाश कुठे संपतं आणि पाणी कुठे लागतं ते कळेना. हा नाथसागर असणार, पैठणचा, जायकवाडीचा. आणि खाली, विमानाच्या जवळजवळ पोटाखालून, त्यातून निघालेली नदी वळणं घेत पूर्वेकडे गेली होती. मी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. लेकीचं काय चाललं असेल हा विचार त्या दोन मिनिटांत माझ्या मनात नव्हता. हे मी लिहून ठेवते आहे, कारण ते तसं होतं.

लोहगावला ८ वाजून ४५ मिनिटांनी चाकं टेकली. मोबाइल सुरू केला. जावयांचा संदेश आधीच येऊन थांबला होता.

"मुलगी. ८.१४. दोघी ठीक."

बाकीचं काही आठवत नाही. शेजारच्या तरुणाने माझी पिशवी वरून काढून दिली आणि "काय झालं काकू?" असं विचारलं, एवढं आठवतं. मी त्याला दुपटी दाखवली.

लोहगावहून दवाखान्यापर्यंत रिक्षाने दीड तास गेला. सकाळची गर्दी, पूल, सिग्नल. तिथे पोचले तेव्हा १० वाजून ४० मिनिटं झाली होती. घरातून निघाल्यापासून ७ तास १० मिनिटं, त्यांतली हवेत १ तास ७ मिनिटं. खोलीत गेल्यावर लेकीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे, आणि म्हणाली, "आई, तू किती लवकर आलीस." मी घरी फोन लावला. सासूबाईंना द्यायला सांगितला. "आत्याबाई, पोचले." त्या म्हणाल्या, "न्याहारी टळली, जेवन व्हाचं हाये. मंग बराबर सांगतलं असतं तं काय बिघडलं असतं?" आणि मग त्यांच्या आवाजात काहीतरी झालं आणि त्यांनी फोन यांच्याकडे दिला. यांना बोलता येईना. मागे काट्याचा आवाज येत होता आणि कोणी बाई विचारत होती, पोरगा का पोरगी.

चाळीस दिवस राहिले मी. संध्याकाळी घरी फोन करायची तेव्हा एक गंमत व्हायची. हे म्हणायचे, "दिवा लावला," आणि माझ्या खिडकीत अजून ऊन असायचं. पुणं नागपूरच्या पाच अंश पश्चिमेला आहे. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. म्हणून पुण्याचा सूर्य वीसेक मिनिटं उशिरा बुडतो. आपलं घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंशांच्या रेषेवर लावलेलं. लेक पुण्याला गेल्यापासून दहा वर्षं आम्ही संध्याकाळी बोलतो, आणि ती कायम म्हणत आली, "आई, तुमच्याकडे किती लवकर अंधार पडतो." मी तिला कारण सांगायची, आकड्यांसकट. त्या खिडकीत बसून पहिल्यांदा मला ती वीस मिनिटं दिसली. माझ्या घरी अंधार आणि माझ्या नातीच्या तोंडावर ऊन.

परत आल्यावर मी शाळेतून निवृत्तीला मिळालेला नकाशासंग्रह काढला, तिकिटाचा कागद काढला, आणि बसले. ७ वाजून ३८ ला उडालो, ८ वाजून १४ ला ती जन्मली. ३६ मिनिटं. पहिली १८ मिनिटं चढण्याची, त्यांत १७० किलोमीटर धरू. पुढची १८ मिनिटं पूर्ण वेगाने, मिनिटाला १३ किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे २४०. एकूण ४१०. नागपूरहून पुण्याच्या रेषेवर ४१० किलोमीटर मोजले. विमानं अगदी या रेषेवरून जात नाहीत, त्यांचेही ठरलेले हवाई मार्ग असतात, तेव्हा पाच-दहा किलोमीटर इकडे तिकडे. पेन्सिलीचं टोक जिथे टेकलं तिथे पैठण आणि शहागड यांच्या मध्ये गोदावरीचं पात्र होतं.

म्हणजे ती जन्मली त्या वेळी मी जी नदी पाहत होते, ती हीच. तिथे मी एक टिंब काढलं आणि शेजारी बारीक अक्षरात ८.१४ लिहिलं. यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, "आपला पानी इथंच जाते ना पुढं?"

जातं. हिंगणघाटजवळून वाहणारी वणा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. पैठणहून निघालेलं पाणी आणि आमच्या नाल्याचं पाणी तिथे भेटतं. यांनी विचारलं, किती किलोमीटर भरेल? नदीचं अंतर असं पटकन निघत नाही. सूत्र चालत नाही, कर्ण चालत नाही. नकाशावर ओला दोरा ठेवून वळणावळणाने न्यावा लागतो आणि मग दोरा सरळ करून मोजावा लागतो.

नात आता तीन वर्षांची आहे. दिवाळीनंतर येणार आहेत, विमानाने नागपूरपर्यंत आणि पुढे पुतण्याच्या गाडीने. रस्त्याचं काम एका नाल्यापर्यंत आलं आहे. सुताचा दोरा मी नकाशासंग्रहाच्या त्या पानात घालून ठेवला आहे. एक टोक मी धरीन, दुसरं तिच्या हातात देईन.